आकडे शाबूत, शब्द गहाळ : दिवाणजींच्या मटक्याचं प्रकरण

"अण्णा साठीला मटक्याला लागले, आणि त्यांना त्याची लाजसुद्धा वाटत नाही." मुलाची तक्रार एवढीच होती. त्यातला लाजेचा भाग घरच्यांना सगळ्यात जास्त झोंबत होता. निदानाला सगळ्यात जास्त उपयोगही त्याचाच झाला.

आधीच सांगून ठेवतो, इथले दिवाणजी म्हणजे कुणी एक माणूस नव्हे. शब्दांचे अर्थ हळूहळू पुसणाऱ्या मेंदूच्या एका आजाराच्या वळणाने गेलेल्या रुग्णांच्या हकिगतींवरून हे प्रकरण जुळवलं आहे. गाव, धंदा, घरची माणसं, पैशांचे आकडे हे सगळं त्या जुळवणीचा भाग आहे. आजाराची लक्षणं, तपासण्या आणि कायद्यातल्या तरतुदी मात्र जशा आहेत तशाच दिल्या आहेत.

हकिगत, मुलाकडून

दिवाणजी ६२ वर्षांचे, तासगावच्या बाजूचे. बेदाण्याच्या अडत दुकानात तीसेक वर्षं नोकरी केलेली. सौद्याच्या दिवशी कुठल्या शेतकऱ्याच्या किती पेट्या काय दराने गेल्या, त्याची उचल किती होती, हमाली-तोलाई वजा जाता पट्टी, म्हणजे हिशेबाची चिठ्ठी, किती रुपयांची होणार, हे वही न उघडता सांगणारा माणूस. घरची तीस गुंठे द्राक्षबाग. गळ्यात तुळशीची माळ. गावच्या जत्रेतल्या चक्रीवरसुद्धा कधी रुपया लावलेला नाही.

नोकरी सुटल्यावर वर्षभरातच ते स्टँडमागच्या टपरीवर आकडा लावायला लागले. आधी दहा-वीस रुपये, मग शंभर, मग पाचशे. अडीच वर्षांत घरातले चार लाखांच्या आसपास गेले. सावकाराकडून उचललेले दीड लाख निराळेच. घरात व्हायची ती भांडणं झाली. बायकोने शपथ घातली, "मटकाच खेळायचा असेल तर गळ्यातली माळ काढून ठेवा" म्हणाली. दिवाणजींनी शांतपणे माळ काढली, देव्हाऱ्यात ठेवली आणि टपरीवर गेले. त्या दिवसापासून घरात कुणी त्यांच्याशी धड बोलेना.

पुढे व्यसनमुक्तीचं एक केंद्र झालं. तिथल्या नोंदीत "नकाराची अवस्था, गटचर्चेत सहभाग नाही" असं लिहिलं होतं. गटचर्चेत त्यांना पश्चात्ताप, जबाबदारी, कुटुंबाचा विश्वास अशा शब्दांत प्रश्न विचारले जात होते. ते गप्प बसत. त्या गप्प बसण्याचा अर्थ कोडगेपणा असा लावला गेला. समुपदेशकाला दोष देण्यात अर्थ नाही. समोरच्या माणसाला प्रश्नातला शब्दच कळत नसेल, अशी शंका सहसा कुणाला येत नाही. आणि हा माणूस तर घडाघडा बोलत होता.

हकिगत, बायकोकडून

अशा प्रकरणात एक प्रश्न सगळ्यात आधी विचारावा : हे सुरू व्हायच्या आधी काय बदललं होतं? मुलाला काही आठवेना, तो नोकरीनिमित्त पुण्याला. बायको मात्र लगेच म्हणाली, "मटका मागनं आला. त्याच्या आधीपासनं ह्यांना नावंच सुचंनात."

तिच्याकडून जो क्रम कळला तो असा. मटक्याच्या दीड-दोन वर्षं आधी दिवाणजींच्या बोलण्यात "ते हे" वाढलं. वय झालं की सगळेच असं बोलतात, म्हणून कुणी लक्ष दिलं नाही. जेवणानंतर सुपारी खायची सवय जुनी. आधी "अडकित्ता दे" म्हणायचे, मग "ते कातरायचं दे" म्हणायला लागले, आणि एक दिवस अडकित्ता हातात घेऊन, उघडमीट करून, "हे कशाला असतं गं?" म्हणाले. तिला वाटलं चेष्टा करतायत. नंतर एकदा सकाळी पेपर मोठ्याने वाचत होते. अवकाळी पावसाने द्राक्षबागांचं नुकसान, अशी बातमी होती. वाचून झाल्यावर त्यांनी विचारलं, "द्राक्ष म्हणजे काय?" दाराबाहेर तीस गुंठे बाग उभी होती.

त्याच सुमारास गोडाची ओढ लागली. कधी गोडाला न शिवणारा माणूस पेढ्यांचा पुडा एका बैठकीत संपवू लागला. सगळं घड्याळावर आलं. चहा सव्वासहाला म्हणजे सव्वासहाला, पाच मिनिटं मागे-पुढे झालं की आरडाओरडा. फिरायचा रस्ता एकच, त्यातला बाकही तोच. मग थोरले भाऊ वारले. दिवाणजींनी भावाला खांदा दिला, आणि चिता पेटल्यावर मनगटावरच्या घड्याळाकडे बघून म्हणाले, "क्लोज आला असंल." क्लोज म्हणजे मटक्याचा दिवसातला दुसरा आकडा. हे सांगताना बायको रडली. मटक्याने घर बुडवलं त्याचं तिला एवढं वाटत नव्हतं, "हे असे नव्हते" याचं वाटत होतं.

म्हणजे मुलाच्या हकिगतीत पहिलं असलेलं लक्षण खरं तर चौथं की पाचवं होतं. मटक्यात पैसा जातो, म्हणून तो दिसतो. शब्द गेले तर खिशाला काही होत नाही.

तपासणी

दिवाणजी खोलीत आले ते व्यवस्थित. कपडे नीट, नमस्कार केला, आपणहून बसले. तारीख, वार, गाव, जिल्हा सगळं बरोबर. सकाळी काय खाल्लं, किती वाजताच्या एसटीने निघालो, तिकिटाला किती पडले, सगळं सांगितलं. स्मृतिभ्रंश म्हटलं की डोळ्यांसमोर विसरभोळा, घरचा रस्ता चुकणारा म्हातारा येतो. तसं इथे काहीच नव्हतं.

शंभरातून सात-सात वजा करायला सांगितलं : ९३, ८६, ७९, ७२, ६५, न थांबता. १,२८५ किलो माल, दर १४२ रुपये, किती झाले? छताकडे बघून थोडे पुटपुटले आणि म्हणाले, "एक लाख ब्याऐंशी हजार चारशे सत्तर." मला कॅल्क्युलेटर काढावा लागला. बरोबर होतं.

मग चित्रं दाखवली. कोंबडा : "पाखरू." उंट : "जनावर." गेंडा : "म्हैस." रवी : "लाकूड." अडकित्त्याच्या चित्राशी बराच वेळ थांबले. पहिली अक्षरं सुचवली, "अडकि..." काही नाही. पूर्ण शब्द सांगितला. तर म्हणाले, "अडकित्ता? म्हणजे काय?"

निदानाचा कणा तो प्रतिप्रश्न आहे, म्हणून त्यावर थोडं जास्त लिहितो. पन्नाशीनंतर नावं ओठांवर येऊन अडकतात ती सगळ्यांचीच. पण कुणी तो शब्द उच्चारला की आपण "हां, तेच!" म्हणतो. शब्द सापडत नव्हता, अर्थ जागेवर होता. दिवाणजींना शब्द दिला तरी काही उपयोग नव्हता, कारण तो ज्याला चिकटायचा ते ज्ञानच झिजलं होतं. "अडकित्ता" हा शब्द ते माझ्यामागून स्वच्छ म्हणू शकत होते. वाक्यरचना शुद्ध होती, बोलणं अडखळत नव्हतं, जीभ जड नव्हती. लकवा मारलेल्या माणसाचं बोलणं जसं तुटतं तसं इथे तुटत नाही. त्यामुळेच घरच्यांना भाषेचा आजार असल्याचं कळत नाही.

ज्ञान झिजलंय हे शब्दांवाचून तपासता येतं. १९९२ साली हॉवर्ड आणि पॅटरसन यांनी पिरॅमिड आणि ताडाच्या झाडांची चाचणी काढली : पिरॅमिडचं चित्र दाखवून विचारायचं, याच्याशी ताड जुळतो की सूचिपर्णी वृक्ष? सांगली जिल्ह्यातल्या दिवाणजींना हे विचारण्यात हशील नाही. म्हणून पाटा दाखवला आणि खाली वरवंटा आणि लाटणं. त्यांनी लाटण्यावर बोट ठेवलं. बैलापुढे औत आणि होडी ठेवली, तेव्हा औत बरोबर ओळखलं. नेहमीचं टिकतं, कमी वापरातलं आधी जातं.

वाचनाची एक गंमत, खरं तर अडचण, मराठी डॉक्टरांनी ध्यानात ठेवण्यासारखी आहे. इंग्रजीत बरेच शब्द लिहिल्याप्रमाणे उच्चारत नाहीत, म्हणून या आजाराचे रुग्ण अनियमित स्पेलिंगचे शब्द चुकीचे वाचतात आणि लगेच पकडले जातात. जपानीत चित्रलिपीतली अक्षरं अडतात, उच्चारानुसारी लिपी टिकते. देवनागरी बहुतेक उच्चाराबरहुकूम. अर्थ कळो न कळो, वाचन खणखणीत होतं. दिवाणजींनी अग्रलेख वाचून दाखवला. त्यातलं काय कळलं, विचारलं तर म्हणाले, "चांगलं लिहिलंय." मराठीत ही चूक पकडायची झाली तर च, ज, झ यांच्या दुहेरी उच्चारांवरच पकडावी लागेल. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने आपल्याकडच्या रुग्णांसाठी बौद्धिक चाचण्यांचा संच केला तो सुरुवातीला हिंदी, बंगाली, तेलुगू, कन्नड आणि मल्याळम या पाच भाषांत. मराठीत काम करणाऱ्याला पाटा-वरवंट्याची जुळवाजुळव स्वतःच करावी लागते.

दुसरं काय असू शकलं असतं

साठीनंतर जुगाराला लागलेल्या प्रत्येकाला स्मृतिभ्रंश नसतो, हे ठासून सांगायला हवं. बहुतेकांना नसतोच. एकटेपणा, दारू, कर्ज, हाताशी आलेला मोबाइल ही कारणं कितीतरी जास्त. उतारवयातला उन्माद म्हणजे मॅनिया असू शकतो, पण त्यात झोप उडते, बडबड वाढते, मोठेपणाच्या गोष्टी सुरू होतात. दिवाणजी नऊला झोपत. मेंदूच्या पुढच्या भागातली गाठ स्कॅनमध्ये दिसते.

एक कारण मात्र हमखास नजरेतून सुटतं, ते म्हणजे औषधं. पार्किन्सनसाठी, कधी पाय वळवळण्याच्या त्रासासाठी, दिल्या जाणाऱ्या प्रामिपेक्सोल, रोपिनिरोल यांसारख्या गोळ्यांनी काही जणांना जुगाराची, खरेदीची, खाण्याची अनावर ओढ लागते. अरिपिप्राझोल या मानसिक आजारावरच्या औषधाबद्दल अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१६ मध्ये असाच इशारा दिला. त्यात गोळी थांबवली किंवा कमी केली की ओढ ओसरू शकते (अर्थात डॉक्टरला विचारून, परस्पर नव्हे). दिवाणजींची गोळ्यांची पिशवी टेबलावर ओतून पाहिली. रक्तदाबाची एक, साखरेची एक, आणि "विसरण्यासाठी" म्हणून कुणीतरी सुरू केलेलं डोनेपेझिल. जुगाराला कारण होईल असं काही नव्हतं. थायरॉइड, बी-१२, सिफिलिस आणि एचआयव्हीच्या तपासण्या, सगळं ठीक.

स्कॅन

एमआरआय आधीच झाला होता. अहवालात "वयोमानानुसार झीज" असं लिहिलेलं. फिल्म पाहिली तर झीज वयाला शोभणारी नव्हती. डाव्या कानशिलाच्या आतला मेंदूचा भाग, टेम्पोरल खंडाचं पुढचं टोक, आक्रसून अगदी पातळ झालं होतं. उजवीकडेही झीज होती, पण कितीतरी कमी. समोरून घेतलेल्या छेदांमध्ये दोन्ही बाजू शेजारीशेजारी दिसतात, तिथे हा फरक मुलालाही दिसला. रेडिओलॉजिस्टला पाठवलेल्या चिठ्ठीवर फक्त "स्मृतिभ्रंश?" एवढंच होतं. "शब्दांचे अर्थ जात आहेत, टेम्पोरल टोकं पाहावीत" असं लिहिलं असतं तर बहुधा अहवालही वेगळा आला असता.

निदान : प्रायमरी प्रोग्रेसिव्ह अफेजिया, सिमँटिक प्रकार, म्हणजे भाषा हळूहळू जाण्याचा आजार, त्यातला शब्दांचे अर्थ जाण्याचा प्रकार. जुनं आणि जास्त रुळलेलं नाव सिमँटिक डिमेन्शिया. फ्रंटोटेम्पोरल डिमेन्शिया, म्हणजे मेंदूचा कपाळाकडचा आणि कानशिलाकडचा भाग झिजवणारे स्मृतिभ्रंश, त्या कुटुंबातला हा एक सदस्य. प्रागमध्ये आर्नोल्ड पिक यांनी १८९२ साली ७१ वर्षांच्या एका रुग्णाचं वर्णन केलं, त्याची भाषा हळूहळू गेली होती आणि टेम्पोरल खंड आक्रसला होता. १९८२ मध्ये मार्सेल मेसुलम यांनी सहा रुग्णांवरून भाषेपासून सुरू होणाऱ्या झिजेचं स्वतंत्र चित्र मांडलं, आणि २०११ मध्ये त्याचे तीन प्रकार करणारे निकष आले. दिवाणजींच्या प्रकारात मेंदूत बहुतेक वेळा टीडीपी-४३ नावाचं प्रथिन साचलेलं आढळतं. हे अल्झायमर नव्हे.

मग मटकाच का?

घरच्यांचा हा प्रश्न रास्त होता. शब्द विसरणारा माणूस गप्प बसेल, चिडेल. तो आकडा का लावेल?

याचं एक उत्तर मेंदूच्या रचनेत आहे. टेम्पोरल टोकापासून डोळ्यांच्या वरच्या कपाळाकडच्या भागात तंतूंचा एक जाड जुडगा जातो. तो कपाळाकडचा भाग, ऑर्बिटोफ्रंटल म्हणतात तो, एखाद्या गोष्टीची किंमत ठरवतो : हे हवंहवंसं आहे, पण पुढे महागात पडेल. झीज त्या वाटेने सरकते. बक्षिसाच्या आशेने चेतणारं खोलवरचं केंद्र चालूच राहतं, त्याला लगाम घालणारं थकतं. गोडाची ओढ, माळ काढताना कसलीच घालमेल नसणं, भावाच्या चितेपाशी घड्याळ बघणं आणि मटका ही चारही लक्षणं एकाच जागेहून येतात. १९९४ मध्ये बेचारा, दमासिओ आणि सहकाऱ्यांनी पत्त्यांच्या चार गड्ड्यांची एक चाचणी मांडली. दोन गड्ड्यांत मोठी बक्षिसं आणि त्याहून मोठे दंड, दोघांत थोडं-थोडं पण शेवटी फायदा. कपाळाकडचा हा भाग दुखावलेले लोक तोट्याच्याच गड्ड्या उचलत राहतात. दिवाणजींची ती चाचणी आम्ही घेतली नाही. टपरीवाल्याने ती अडीच वर्षं घेतलीच होती.

दुसरं उत्तर मला जास्त महत्त्वाचं वाटतं. या आजारात शब्दांचे अर्थ झिजताना आकडे बराच काळ शाबूत राहतात. असे कित्येक रुग्ण सुडोकूत, हिशेबात, घड्याळात रमतात. आजूबाजूच्या वस्तूंची ओळख पुसट होत असताना आकडेच तेवढे ओळखीचे उरतात. आणि मटका म्हणजे निव्वळ आकडे. न्यूयॉर्कच्या कापसाच्या भावांवर चालणारा मुंबईतला आकड्यांचा जुगार बंद पडला आणि १९६२ मध्ये कल्याणजी भगत यांनी वरळीत मटका सुरू केला, १९६४ मध्ये रतन खत्रीने आपला. तीन पत्ते, त्यांची बेरीज, बेरजेचा शेवटचा आकडा : १, ४, ८ आले तर तेरा, म्हणून ३. ओपनची एक वेळ, क्लोजची एक वेळ. बेरीज करणारा आणि घड्याळावर चालणारा मेंदू याच्यात न रमता तर नवल.

दिवाणजींना विचारलं, "एका आकड्याला किती देतात?"

"रुपयाला नऊ."

"दहाही आकड्यांवर शंभर-शंभर लावले तर?"

"हजार गेले. नऊशे आले. शंभर तोटा." क्षणाचाही विलंब नाही.

"मग कशाला लावता?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, प्रश्न विचित्र असल्यासारखं. "तीन वाजता लावायचा असतोय."

नेहमीचा जुगारी असं उत्तर देत नाही. तो लपवतो, खोटं बोलतो, गेलेले पैसे परत मिळवायच्या मागे लागतो, रात्री जागा राहतो, मुलांच्या डोळ्यांत बघू शकत नाही. दिवाणजी चिठ्ठी नातीला दाखवत. हरले तरी जेवण नीट, जिंकले तरी आनंद नाही. रक्कम वाढली ती हव्यासाने वाढलेली दिसली नाही, टपरीवाल्याने उधारी वाढवत नेली म्हणून वाढली. लाज नसणं, लपवाछपवी नसणं आणि घड्याळाची शिस्त या गोष्टी साठीनंतरच्या नव्या जुगारात एकत्र दिसल्या तर शब्दांची तपासणी करावी, एवढं माझं म्हणणं आहे.

पैसा, सह्या, कायदा

निदान झालं त्याच दिवशी मुलाने खिशातून घडी केलेला कागद काढला. सावकाराने स्टँपपेपरवर बागेचं तारण लिहून घेतलं होतं, शिवाय सही केलेले दोन कोरे चेक. सावकाराचं म्हणणं, "अण्णांनी स्वतः मोठ्याने वाचून सही केलीय." वाचलं असणारच. मी दिवाणजींना विचारलं, तारण म्हणजे काय? "तारण... तारण..." दोनदा म्हणाले आणि थांबले. तीस वर्षं अडतीवर तारणाच्या नोंदी केलेला माणूस.

भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम १२ नुसार करार करताना माणसाला तो कळायला हवा, आणि आपल्या हिताअहिताचा विचार करता यायला हवा. प्रश्न सहीच्या दिवसाचा असतो. म्हणून प्रमाणपत्रात "रुग्णास डिमेन्शिया आहे" एवढंच लिहून भागत नाही. शब्दांचे अर्थ जाण्याची सुरुवात कधीपासून, त्याला घरच्यांचा आणि जुन्या कागदांचा काय आधार, कुठल्या शब्दांवर तपासलं, हे तारखेसह लिहिलं. याच कायद्याच्या कलम ३० नुसार पैजेचा करारच रद्दबातल, त्यामुळे टपरीवाल्याची उधारी कोर्टातून वसूल होण्यासारखी नव्हती. सावकाराकडे परवाना नव्हता. महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, २०१४ खाली तक्रार जिल्हा उपनिबंधकाकडे केली. धाड पडायच्या आधीच चेक परत आले, कागद मात्र आला नाही.

मुलाला वकिलाने कुलमुखत्यारपत्र करून घ्यायला सांगितलं होतं. बहुतेक घरं इथेच फसतात. करार कायद्याच्याच कलम २०१ नुसार मूळ मालकाची समज गेली की मुखत्याराचा अधिकार संपतो, म्हणजे ज्या दिवसासाठी पत्र करायचं त्याच दिवशी ते कामाचं उरत नाही. शिवाय समज नसताना केलेलं पत्र मुळातच टिकत नाही. डिमेन्शियाच्या रुग्णासाठी पालक नेमण्याचा सरळसोट कायदा आपल्याकडे नाही. उच्च न्यायालयात राज्यघटनेच्या अनुच्छेद २२६ खाली अर्ज करून घरच्या माणसाला पालक नेमून घेतात, किंवा दिव्यांग हक्क कायदा, २०१६ च्या कलम १४ मधलं मर्यादित पालकत्व. बायकोच्या नावे अर्ज करायचं ठरलं. तोपर्यंत तातडीचं ते केलं : पेन्शनच्या खात्यातली रक्कम दोघांच्या सहीशिवाय निघणार नाही अशी सोय, मोबाइलवरून पैसे पाठवणं बंद, ठेवीच्या पावत्या मुलीकडे. दिवाणजींच्या खिशात रोज पन्नास रुपये मात्र ठेवले. खिसा रिकामा असला की ते अस्वस्थ होत आणि शेजारपाजारी मागत फिरत.

औषध आणि घर

हा आजार थांबवणारं औषध नाही. डोनेपेझिल बंद केलं. अल्झायमरमध्ये काहींना त्याचा उपयोग होतो, या कुटुंबातल्या आजारांत होत नाही, वर चिडचिड वाढू शकते. इथेही वाढली होती, बंद केल्यावर कमी झाली. सर्ट्रालीन हे नैराश्यावरचं औषध सुरू केलं. गोडाची ओढ थोडी ओसरली. मटक्यावर गोळीचा काही परिणाम झाला असं मी म्हणणार नाही.

मटका सुटला तो सुनेच्या डोक्यामुळे. तिने ओळखलं की त्यांना मटका नको आहे, तीन वाजता आकडे हवे आहेत. तिने अडतीच्या मालकाकडून जुन्या पट्ट्यांचे गठ्ठे मागून आणले. पावणेतीनला खुर्ची, टेबल, पेन, पट्ट्या आणि बाजूला चहा. "अण्णा, एवढी बेरीज तपासून द्या, मालकांनी सांगितलंय." पहिले काही दिवस ते उठून निघाले, टपरीपर्यंत जाऊन आले. टपरीवाल्याला मुलाने आधीच समजावलं होतं, काही प्रेमाने, काही पोलिसांचं नाव घेऊन. मग बसायला लागले. संध्याकाळी क्लोजच्या वेळेला सुडोकू. त्यात नात हरते.

वाचा-उपचारांत शब्द पुन्हा शिकवता येतात, पण सराव थांबला की ते पुन्हा जातात, आणि शिकवलेल्या वस्तूसारखी दुसरी वस्तू पुढे आली की ती ओळखता येत नाही. म्हणून शेकडो चित्रं घोकवण्यापेक्षा गरजेचे थोडे शब्द निवडले : पाणी, गोळी, दुखतंय, संडास, घरच्यांची नावं. वही केली, फोटो घरातल्याच वस्तूंचे. त्यांचा तांब्या ओळखायला त्यांच्याच तांब्याचा फोटो लागतो, बाजारातल्या चित्राचा उपयोग होत नाही. वस्तू नेहमीच्या जागी असली तर ते ती बरोबर वापरतात, म्हणून घरात सामान हलवायचं नाही असा नियम झाला. बायकोला सांगितलं, "ओळखा बघू हे काय" अशी परीक्षा घेऊ नका. ती म्हणाली, "सवय लागलीय हो मला, दर वेळी वाटतं आज ओळखतील."

दीड वर्षानंतरच्या भेटीत शब्द आणखी कमी झाले होते. मुलीला ओळखलं, जावयाला नाही. उजवी बाजू झिजायला लागली की माणसांची ओळख जाते, ते सुरू झालं होतं. बेरजा मात्र अजून बरोबर येत होत्या. पुढे त्याही चुकतील, गिळायला त्रास होईल, हे घरच्यांना आधीच सांगितलं आहे. माळ पुन्हा गळ्यात आहे. सुनेने घातली, त्यांनी घालू दिली.

जाताना मुलाने विचारलं, "मला होईल का?" फ्रंटोटेम्पोरल कुटुंबातल्या काही आजारांत आनुवंशिकता ठळक असते. या प्रकारात ती सगळ्यात कमी, बहुतेक रुग्णांच्या घरात दुसरं कुणी नसतं. दिवाणजींच्या आईवडिलांत, भावंडांत असं कुणाला झालेलं नव्हतं, म्हणून जनुक-तपासणीचा आग्रह धरला नाही. त्याने मग दुसरा प्रश्न विचारला : व्यसनमुक्ती केंद्राच्या कागदावर वडिलांच्या नावापुढे "जुगारी" लिहिलंय, ते बदलून मिळेल का? केंद्राला निदानाचं पत्र पाठवलं आहे. उच्च न्यायालयातली तारीख पुढच्या महिन्यात आहे.